कॅसेट नीट बसवणाऱ्या रजनीताई

रजनीताई म्हसे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलेही नव्हते. दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. खोपोलीतला माझा कारखाना बंद पडल्यावर मी कर्जत स्टेशनजवळच्या एका गल्लीत टीव्ही गेमचे पार्लर काढले होते. पत्र्याचे छप्पर, जुने टीव्ही, त्यांच्याखाली मांडलेली गेमची मशिने आणि दाराबाहेर मुलांच्या चपलांचा ढीग, एवढेच ते पार्लर. वर्षभराची खरी गर्दी सुट्टीतच व्हायची आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझी दोन मशिने बसली. कॅसेट घातली की पडद्यावर नुसते राखाडी चौकोन यायचे. "दत्ताभाऊंकडे न्या," असे शेजारच्या पानवाल्याने सांगितले, म्हणून दोन्ही मशिने पिशवीत घालून मी बाजारपेठेतून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात गेलो.

दत्ताभाऊ म्हसे काउंटरवर बसले होते. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीसाठी त्यांचे नाव तेव्हा नेरळपर्यंत माहीत होते. त्यांनी पिशवीत हात घालून मशीन चाचपले आणि आतल्या दाराकडे मान वळवली.

"ह्ये बारीक काम आता माज्या डोळ्यांचं ऱ्हायलं नाय. आत जा. आमची मंडळी बघंल."

आतल्या खोलीत दिव्याखाली रजनीताई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर उघडलेले एक मशीन होते आणि हातात दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा बारीक, वाकड्या टोकाचा आकडा. मी तक्रार सांगितली. त्यांनी काम न थांबवता विचारले, "पोरं कॅसेटीत फुंकत असतील?"

"फुंकतात की. फुंकल्याशिवाय चालतच नाही."

"आन तुमी?"

"मीही फुंकतो," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी माझे मशीन ओढून घेतले, चार स्क्रू काढले आणि कॅसेट जिथे बसते ती खाच दिव्याखाली धरली. दोन्ही बाजूंनी पितळी पिनांच्या रांगा होत्या. मधल्या काही पिना हिरव्या पडल्या होत्या.

"ही तुमची फुंकर," त्या म्हणाल्या. "तोंडातली वाफ. आज चालतं, उद्याला गंज धरतो. बसा तितं."

मी बसलो. आज मागे वळून पाहताना वाटते, तेव्हा बसलो तो अजून पुरता उठलेलो नाही.

आजच्या तरुण वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. त्या काळी खेळ मोबाइलमध्ये नसत. जाड प्लॅस्टिकच्या, पाटीएवढ्याही नसलेल्या डबीत ते मिळत आणि त्या डबीला आपल्याकडे सगळे कॅसेटच म्हणत. मशीनच्या वरच्या खाचेत ती दाबून बसवायची. कॅसेटच्या तळाशी सोनेरी पट्ट्या असतात आणि खाचेत त्यांना धरणाऱ्या स्प्रिंगसारख्या पिना. त्या पिनांच्या जागेला कनेक्टर म्हणतात. हजारदा कॅसेट काढली-घातली की पिना सैलावतात, धूळ बसते, गंज येतो आणि मग चित्र फुटते. मशीनच्या पोटात सगळे ठीक असते. बिघडलेला असतो तो फक्त हा हातात हात धरण्याचा भाग. पण तेवढ्यासाठी कितीतरी घरांतली मशिने माळ्यावर किंवा भंगारात गेली. रजनीताईंनी आयुष्याची उमेदीची वर्षे या एका भागासाठी दिली. त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त सत्काराचा समारंभ होत आहे आणि या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला आहे, तेव्हा सुरुवात या पिनांपासूनच करावी असे मला वाटले.

रजनीताईंचे माहेर खालापूरच्या बाजूचे. घरची भातशेती. दहावीनंतर लग्न होऊन त्या कर्जतला आल्या त्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. विजेच्या वस्तूंशी त्यांचा संबंध तोवर बटण दाबण्यापुरता होता. लग्नानंतर काही वर्षांतच भाऊंना साखरेचा त्रास सुरू झाला आणि त्यांची नजर हळूहळू कमी होऊ लागली. मोठे काम ते सवयीने करत, बारीक जागा मात्र दिसेनात. पुढे एकदा ताईंना मी विचारले होते की हे शिकलात कसे. त्या म्हणाल्या, "शिकायला म्हणून मी बसलेच नाय. ह्ये मला हाका मारायचे, अगं, ही तार कुटं लागली बघ. मी सांगायची. मग एकदा ह्ये म्हणाले, दिसतंय तुला, तर डाग पण तूच दे."

त्या काळात बाजारपेठेत एखाद्या बाईने तारांना डाग द्यायचा सोल्डरिंग आयर्न हातात धरणे ही लोकांनी थांबून बघण्याची गोष्ट होती. लोक थांबत आणि बघत. कोणी भाऊंना म्हणे, दुकान बाईच्या हातात दिलेत का. भाऊ शांतपणे म्हणत, "डोळे दिलेत." या एका उत्तराबद्दल त्यांचाही सत्कार व्हायला हवा, असे माझे मत आहे.

भाऊंनी काम सोडले मात्र नाही. त्यांनी ते कानांवर घेतले. ताईंनी मशीन जोडून सुरू केले की भाऊ बाहेर काउंटरवरून ऐकत. या मशिनांमध्ये खेळाचा आवाजसुद्धा कॅसेटमधून फिरून, त्याच पिनांवाटे टीव्हीत येतो. पीन जरा सैल असली तरी आवाजात खरखर येते. भाऊंना ती खरखर आमच्या आधी ऐकू यायची. ते म्हणत, "अजून नाय." आणि ताई पुन्हा मशीन उघडत. भाऊंनी "हां" म्हटल्याशिवाय या दुकानातून मशीन बाहेर गेल्याचे मी पाहिलेले नाही.

माझे पार्लर पुढे बरीच वर्षे चालले. त्या वर्षांत माझी मशिने किती वेळा त्या दिव्याखाली गेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ताईंची काम करण्याची रीत मी तिथे बसून पाहिली. आधी खोडरबराने कॅसेटच्या पट्ट्या पुसायच्या. मग कापूस गुंडाळलेली काडी स्पिरिटमध्ये बुडवून पिनांच्या मधून फिरवायची. मग तो वाकडा आकडा घ्यायचा आणि एकेक पीन आतून अलगद वर उचलायची. इतकी, की कॅसेट बसताना तिला किंचित विरोध व्हावा, पण ओढाताण होऊ नये. बाजारात नवे, स्वस्त कनेक्टर मिळू लागले होते. मी एकदा म्हणालो, ताई, सरळ नवा टाका, एवढा वेळ कशाला घालवता. त्यांनी नवा कनेक्टर माझ्या हातात दिला आणि कॅसेट घालायला सांगितली. ती आत गेली, पण बाहेर निघेना. जोर लावून काढली तर सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे.

"नवा हाय, पण माया नाय त्याच्यात," त्या म्हणाल्या. "जुन्याला सवय असती. त्याला फकस्त सरळ करायचं."

दुकानाच्या भिंतीवर त्यांनी रंगाऱ्याकडून ठळक अक्षरांत पाटी रंगवून घेतली होती: कॅसेटमध्ये फुंकू नये. तरीही लोक फुंकत, कारण ती आमच्या सगळ्या पिढीची सवय होती. एकदा पोलीस ठाण्यातले एक हवालदार आपल्या मुलाची कॅसेट घेऊन आले आणि बोलता बोलता, त्या पाटीखालीच उभे राहून, त्यांनी कॅसेट तोंडाशी नेऊन लांबलचक फुंकर मारली. ताईंनी कापसाची काडी आणि स्पिरिटची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. हवालदारांनी पाटीकडे पाहिले, टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि खाली मान घालून आपली कॅसेट स्वतः पुसली. पुढे ते या दुकानाचे इतके मित्र झाले, की दुसऱ्या कोणी फुंकर मारली तर आधी तेच रागवत.

मग दिवस बदलले. आधी इंटरनेटची दुकाने आली, नंतर मोबाइल आले. पार्लरबाहेरच्या चपला कमी होत गेल्या आणि एक मे महिना असा आला की संपूर्ण सुट्टीत मी एकटाच बसून होतो. मी शटर ओढले ते कायमचे. चाळिशी ओलांडलेली, दुसरे काही येत नाही, घरी बसून माणूस खंगतो तसा मी खंगू लागलो. रजनीताईंनी भाऊंच्या हाती निरोप पाठवला नाही, फोन केला नाही, त्या स्वतः आमच्या घरी आल्या, माझ्या बायकोने केलेला चहा घेतला आणि मला म्हणाल्या, "प्रकाशभाऊ, दुकानात या उद्यापासून. लोकांच्या घरी जाऊन बघणारं कोणी नाय आमच्याकडं. तुमाला मशिनी ठाव्या हायत."

मी गेलो. पहिला पूर्ण पावसाळा त्यांनी मला मेलेल्या मशिनांच्या पिना सरळ करायला बसवले. हात हलला की पीन तुटायची. ताई तुटलेली पीन उचलून बाजूच्या वाटीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता पुढची." एवढेच. त्यांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही.

आता मी जो प्रसंग सांगणार आहे, तो या परिसरातल्या काही लोकांना माहीत आहे. पण तो कुठेतरी नीट लिहिला जावा अशी माझी इच्छा होती.

कुंभिवलीचे वसंतराव पाटील कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. बोलणे सावकाश परत आले, हात येईना. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता; तो त्यांनी खिडकीतून फेकून दिला. त्यांची मुलगी अश्विनी महामार्गावरच्या एका कंपनीत नोकरी करते. ती लहान असताना वसंतराव पाळीवरून आले की बापलेक टीव्ही गेम खेळत आणि त्यांच्यात रोज भांडणे होत. अश्विनीने ते मशीन माळ्यावरून काढले. वडिलांच्या उजव्या हातात खेळाचा वायरवाला रिमोट ठेवला आणि म्हणाली, या, भांडू. वसंतरावांनी रिमोट धरला. झटका आल्यानंतर आपण होऊन त्यांनी त्या हाताने धरलेली ती पहिली वस्तू.

पण हात ताठ. बटण दाबायला गेले की तो मध्येच झटका द्यायचा, वायर ओढली जायची, मशीन हलायचे आणि चित्र फुटायचे. खेळ मध्येच मरायचा. असे पुन्हा पुन्हा झाले. वसंतरावांनी रिमोट खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केले. अश्विनीने दुकानात फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, पण तिचा आवाज थकलेला होता.

एरवी घरी जाण्याचे काम माझे. या वेळी ताई म्हणाल्या, "मी येते."

आम्ही माझ्या स्कूटरवरून कुंभिवलीला गेलो. वसंतराव खाटेवर बसून होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. ताईंनी मशीन टीपॉयवर मांडले, कॅसेट घातली, खेळ सुरू केला. मग वसंतरावांना म्हणाल्या, "काका, इकडं बघा जरा."

वसंतरावांनी पाहिले. ताईंनी स्वतःच्या तळहाताने टीपॉयवर हलकेच थाप मारली. चित्र फुटले. पुन्हा सुरू केले. एका बोटाने टकटक केली. चित्र फुटले.

"माझा हात तर चांगला हाय नं?" त्या म्हणाल्या. "तरी मेला खेळ. दोष तुमच्या हाताचा नाय, काका. पिना सैल हायत. तुमाला वाटलं तुमीच मोडताय."

वसंतरावांनी मशीनकडे पाहिले. मग सावकाश, शब्द जुळवत म्हणाले, "मला... तसंच वाटलं व्हतं."

अश्विनी आत निघून गेली. ताईंनी मशीन पिशवीत घातले. पिना फारच खचल्या होत्या, घरी बसून होण्यासारखे काम नव्हते. आम्ही दुकानातले दुसरे मशीन देऊ केले, पण त्याचा रिमोट लहान होता आणि वसंतरावांनी त्याला हात लावला नाही. "माजंच आना," ते म्हणाले. ताईंनी आठवडाभरात आणून देते असा शब्द दिला.

तो आठवडा सरण्याआधीच उल्हास नदीचे पाणी बाजारात शिरले.

पाणी दिवसाउजेडी आले, हे आमचे नशीब. पण ते इतके झपाट्याने वाढले, की रजनीताईंना भाऊंना धरून वरच्या अंगाच्या शेजाऱ्यांकडे नेण्यापुरताच वेळ मिळाला. दुकानातले काहीच हलवता आले नाही. पाणी ओसरल्यावर मी तिथे पोचलो तेव्हा ताई पदर खोचून दारात उभ्या होत्या. आत गुडघाभर चिखल. रॅक आडवे झालेले. लोकांनी दुरुस्तीला दिलेली मशिने, कॅसेट, टीव्ही, सगळे एका रंगाचे झाले होते. भाऊंच्या उमेदीच्या काळापासूनचे दुकान होते ते. मी म्हणालो, "ताई, लोक समजून घेतील. पुरात गेलं म्हटल्यावर कोण विचारणार आहे?"

"कोणी नाय इचारणार," त्या म्हणाल्या. "पन आपल्याला ठावं हाय नं, अजून बघितलं नाय म्हणून."

आणि त्या चिखलात उतरल्या. माझ्या लक्षात आले की त्या काउंटरच्या डाव्या बाजूला हात घालून चाचपत आहेत. वसंतरावांचे मशीन त्यांनी तिथे ठेवले होते. ते सापडले ते काउंटरखाली अडकलेले, आत गाळ भरलेला. त्याच वेळी अश्विनीचा फोन आला. ती म्हणत होती, "ताई, तुम्ही आणि भाऊ सुखरूप आहात ना? मशीनचं राहू द्या आता."

"आमी ठीक हाय गं," ताई म्हणाल्या. "मशीन मिळालंय. थोडं थांबा म्हणावं काकांना."

पुढचे कित्येक दिवस आम्ही मशिने धुतली. ज्या वस्तूंना लोक पाण्याच्या थेंबापासून जपतात, त्या आम्ही बादलीत बुडवून धुतल्या, कारण गाळ आतच सुकला तर पिना कायमच्या गेल्या, असे ताईंचे म्हणणे होते. आधी स्वच्छ पाणी, मग दात घासायच्या ब्रशने हलक्या हाताने, शेवटी स्पिरिट. पण सुकवायचे कसे? ऊन नव्हते. वीज येत-जात होती. घराघरांत भिंती ओल्या होत्या. ताईंना आठवण झाली ती चढावरच्या बेकरीची. त्या मालकांना जाऊन भेटल्या. भट्टीच्या वरच्या बाजूला पाव-बटरचे पत्रे ठेवायची एक उबदार फडताळ होते. मालक म्हणाले, "वहिनी, सकाळचा माल निघाला की ती जागा तुमची." मग आम्ही पत्र्यांवर मशिनांची उघडी पोटे मांडली. माझ्या उभ्या आयुष्यात मी असे दृश्य पाहिले नव्हते. एका पत्र्यावर नानकटाई आणि दुसऱ्यावर टीव्ही गेम.

वसंतरावांच्या मशीनच्या काही पिना गंजून तुटल्या होत्या. ताईंनी मेलेल्या मशिनांमधून त्याच जातीच्या पिना काढल्या आणि एकेक करून त्या कनेक्टरमध्ये बसवल्या. हे काम त्यांनी बेकरीतल्याच एका बाकावर, खिडकीच्या उजेडात केले. आमचे टीव्ही वाहून गेल्यासारखेच होते, म्हणून मालकांनी घरातला टीव्ही खाली आणला. भाऊंना हात धरून आणले आणि खुर्चीवर बसवले. ताईंनी कॅसेट घातली. चित्र स्वच्छ आले. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

भाऊ म्हणाले, "थांब. अडखळतंय."

मला काहीच ऐकू येत नव्हते. ताईंनी मात्र लगेच मशीन बंद केले. उघडून भिंग धरले तर एक पीन केसभर आत राहिली होती. ती उचलली, पुन्हा जोडले, सुरू केले. भाऊ डोळे मिटून ऐकत राहिले. बेकरीतली माणसेही काम सोडून उभी होती.

"हां," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंभिवलीला गेलो. वसंतरावांनी मशीन मांडीवर घेतले, नाकाशी नेले आणि मुलीकडे बघितले. "बटरचा वास येतोय गं ह्याला," ते म्हणाले आणि हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसले असावे, कारण अश्विनी त्यांच्याकडे बघतच राहिली. खेळ सुरू झाला. वसंतरावांनी रिमोट धरला. हाताने सवयीप्रमाणे झटका दिला, वायर ताणली गेली, मशीन टीपॉयवर सरकले. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. चित्र हलले नाही.

वसंतरावांनी मग मुद्दाम वायर ओढली. चित्र तसेच. ते आपल्या हाताकडे बघू लागले, जणू तो कोणा दुसऱ्याचा होता आणि आता परत मिळाला. "अश्विनी," ते म्हणाले, "बस हिकडं. हरशील आज."

त्या दिवशी हरले तेच. पण खेळायचे त्यांनी सोडले नाही. हात पूर्ण सुधारला असे मी लिहिणार नाही. शर्टाचे बटण त्यांना अजून लावता येत नाही. पण भाकरी मोडून ते स्वतःच्या हाताने जेवतात आणि या समारंभाला येणार असल्याचे त्यांनी कळवले आहे.

बाकीची मशिने आम्ही त्या पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत ज्याची त्याला पोचवली. काही चालू झालीच नाहीत. तीसुद्धा ताईंनी स्वच्छ पुसून, जोडून परत दिली. "चालत नाय म्हणून काय त्यांची नाय?" त्या म्हणाल्या. नेरळच्या एका गृहस्थांना त्यांचे मृत मशीन मी दारात नेऊन दिले तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरले. ते त्यांच्या धाकट्या भावाचे होते आणि तो भाऊ आता हयात नव्हता. त्यांनी मला घरात बोलावून जेवू घातले.

दुकान आता वरच्या रस्त्याला, बेकरीच्याच ओळीत आले आहे. दिवसही पुन्हा थोडे फिरले आहेत. माझ्या पार्लरमध्ये चपला सोडून बसणारी मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. नेरळच्या, खोपोलीच्या नव्या इमारतींत राहतात, माळ्यावरून जुनी मशिने काढून आणतात आणि आपल्या मुलांना सांगतात, आमच्या वेळी हे असे होते. त्यातले कितीतरी जण मला ओळखतात, मी त्यांना ओळखत नाही. केस गेले, मिश्या आल्या. मशीन सुरू होऊन ते जुने सूर वाजले की मात्र त्यांचा चेहरा पुन्हा तसाच होतो आणि मग मला नावही आठवते. हे दृश्य आठवड्यातून एकदा तरी बघायला मिळते, याहून जास्त मला उतारवयात काही नको आहे.

शनिवारी दुपारी ताई शिकवतात. शेजारपाजारच्या मुली, सुना, एक निवृत्त शिक्षक, असे लोक येतात. भाऊ कोपऱ्यात खुर्ची टाकून ऐकत असतात. ताई अजूनही आवाज चढवत नाहीत. पीन तुटली की वाटीत ठेवतात आणि पुढची दाखवतात. त्यांच्याविषयी फार मोठे शब्द वापरलेले त्यांना आवडणार नाहीत, म्हणून मी ते टाळले आहेत. पण एवढे म्हणायची मला परवानगी असावी, की मोडलेल्या गोष्टीसमोर घाई न करता बसणे मी त्यांच्याकडून शिकलो आणि ते मला दुकानाबाहेरही उपयोगी पडले.

या ग्रंथाची कल्पना आम्ही त्यांना सांगितली तेव्हा त्या खोडरबराने कॅसेट पुसत होत्या. सगळे ऐकून घेऊन म्हणाल्या, "छापा. पन एक लिवा, मी अजून काम घेते म्हणून. सत्कार झाला की लोकांना वाटतं, बाई बसली घरी."

तेव्हा त्यांच्या आज्ञेप्रमाणे सर्व स्नेह्यांना कळवतो: रजनीताई काम घेतात. दुकान सोमवार सोडून रोज उघडे असते. आपापले माळे एकदा बघा. रजनीताईंची नजर अशीच लख्ख राहो, बोटे अशीच स्थिर राहोत, गुडघ्यांनी त्यांना जिने चढू द्यावेत आणि भाऊंच्या शेजारी बसून त्यांना भरपूर वर्षे, भरपूर काम मिळो. आम्ही मशिने आणत राहू.

प्रकाश सावंत
कर्जत